रजेवरच्या सहकाऱ्याचं सदर लिहिताय? या चुका टाळा

दिवाळीच्या तोंडावर नाहीतर मे महिन्यात, गावोगावच्या जत्रा लागल्या की जिल्हा दैनिकांच्या कृषी पुरवणीत हमखास हे होतं. नेहमीचा सदरलेखक रजेवर जातो आणि त्याची जागा डेस्कवरच्या कुणा नवख्याच्या वाट्याला येते. नवखा खूश असतो. आयता वाचक, आयती जागा, वर नाव छापून येणार. पुढच्या दोन आठवड्यांत मग त्याच त्या चुका होतात, ज्या आधीच्या नवख्यानं केल्या होत्या.

सांगलीकडचा शेतकरी असलं सदर करमणुकीसाठी वाचत नाही. कात्रण काढून पंपाच्या खोलीत लावतो आणि त्यावर बघून औषध मोजतो. म्हणून पुढचं सगळं जरा कडक सुरात आहे.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे न कळलेला आकडा स्वतःच्या अकलेनं सरळ करणं. एका पुरवणीत घडलेला प्रकार सांगतो. मूळ लेखक जाताना दोन लेख तयार ठेवून गेला होता. त्यातला एक द्राक्षाच्या फळछाटणीनंतरच्या बोर्डो फवारणीचा, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाचा. कोवळ्या पानांवर बोर्डो ०.५ टक्का घ्या, असं त्यानं नीट लिहिलं होतं. मजकूर युनिकोडमधून पान लावायच्या जुन्या फाँटमध्ये गेला, तेव्हा दशांशचिन्ह गळालं आणि '०५ टक्के' उरलं. बदली लेखकाला पुढचं शून्य विचित्र दिसलं, त्यानं ते काढून टाकलं. पान सुटलं, छापून आलं '५ टक्के'.

आता हिशोब बघा. १ टक्का बोर्डो म्हणजे १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी. ०.५ टक्क्याला मोरचूद आणि चुना अर्धा अर्धा किलो. ५ टक्क्याला ५ किलो, म्हणजे थेट दहापट. खोडाला ब्रशनं लावायची बोर्डो पेस्ट १० टक्क्यांची असते. त्याच्या निम्म्या ताकदीचं द्रावण आठवड्याभराच्या फुटीवर मारलं तर पानं करपणारच. सकाळी सातला तासगावकडून पहिला फोन आला : "साहेब, मोरचूद पाच किलो घालायचं व्हय? दुकानदार द्याला तयार न्हाई." दुकानदार शहाणा निघाला म्हणून बाग वाचली. पुरवणीचं त्यात काही कर्तृत्व नव्हतं.

दोष फाँटला देऊन मोकळं होता येतं, पण फाँटनं फक्त टिंब खाल्लं होतं. विचित्र दिसणारं शून्य ही धोक्याची खूण होती आणि ती माणसानं पुसली. नेहमीच्या लेखकाला '०५' दिसताच कळलं असतं, कारण त्यानं शंभर वेळा हे द्रावण होताना बघितलंय. बदलीवर बसलेल्यानं नाही. म्हणून माझा हट्ट असा की टक्केवारी कधी एकटी छापायची नाही. '०.५ टक्का, म्हणजे १०० लिटर पाण्याला मोरचूद अर्धा किलो आणि चुना अर्धा किलो' असं पूर्ण लिहायचं. टक्का चुकला तरी किलो त्याला उघडं पाडतात. दुसरं असं की फाँट बदलल्यानंतर कागदावर प्रूफ काढायचं आणि एकदा फक्त आकडे वाचायचे. एकानं मूळ मजकुरातून मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं लाल पेनानं टिकल्या मारायच्या. दहा मिनिटं लागतात. 'स्क्रीनवर बघितलं की' म्हणणाऱ्याला पान सोडायला देऊ नये. याच वेळी 'दऱ्या', 'शेतकऱ्यांना' यातला ऱ्य शाबूत आहे ना तेही दिसतं. रूपांतरात तो बऱ्याचदा मोडतो.

आकड्याबद्दल शंका राहिलीच आणि विचारायला कुणी सापडलं नाही, तर ते वाक्य काढा. ते एक वाक्य नसलेला लेख चालतो.

वाक्य काढायचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. ऑक्टोबरात जाहिराती वाढतात आणि साडेपाचशे शब्दांचं सदर ऐन वेळी चारशेवर येतं. नवखा शेवटचा परिच्छेद उडवतो, आणि बोर्डोच्या लेखात शेवटचा परिच्छेद नेमका काळजीचा असतो : मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवा, लोखंडी बादली नको; द्रावणात विळ्याचं घासलेलं पातं बुडवा, त्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं आहे, चुन्याची निवळी वाढवा; तयार द्रावण त्याच दिवशी संपवा. हे गेलं तर उरलेल्या लेखाचा काय उपयोग? लिहितानाच कुठला परिच्छेद उडाला तरी चालेल त्यावर खूण करून द्या. सहसा तो पहिलाच असतो, ज्यात 'आपला जिल्हा द्राक्षपंढरी म्हणून ओळखला जातो' वगैरे लिहिलेलं असतं.

दुसरी नावडती चूक आळसाची. सहकाऱ्याच्या फोल्डरमधून गेल्या वर्षीचा याच आठवड्याचा लेख काढायचा, चार शब्द इकडेतिकडे करायचे आणि द्यायचा. हंगाम तर तोच आहे ना, असा युक्तिवाद. नसतो तोच. परतीचा पाऊस लांबला की फळछाटण्या पुढं सरकतात. गेल्या वर्षी या आठवड्यात बागा फुलोऱ्यात असतील, तर या वर्षी त्याच बागा पोंग्यात, म्हणजे नुकत्या फुटीत, असू शकतात आणि दोन्ही अवस्थांची फवारणी वेगळी. निर्यातीच्या द्राक्षाला कुठली औषधं चालतात आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं, ती यादी हंगामागणिक सुधारली जाते. जुन्या लेखातलं एखादं औषध यंदा यादीत नसेल, तर त्या कात्रणापायी एखाद्याचा माल परत येईल. हळदीचंही तसंच. सांगली बाजार समितीतला गेल्या वर्षीचा सौद्याचा दर चुकून लेखात राहिला, तर वाचक तो आजचा समजून गाडी भरतो.

जुना लेख वापरूच नये असं नाही. बेदाण्यासाठी द्राक्षं वाळवण्याआधी ज्यात बुडवतात ते द्रावण दर वर्षी बदलत नाही : लिटरमागे २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली इथाइल ओलिएट. असली माहिती जरूर घ्या, फक्त ग्रॅम आणि मिलीची अदलाबदल होऊ देऊ नका. जुना लेख कागदावर काढून तारीख, दर, औषधाचं नाव आणि हवामान या चार गोष्टींखाली रेघ मारायची, आणि रेघ मारलेलं प्रत्येक वाक्य नव्यानं विचारून लिहायचं किंवा गाळायचं. रेघा फार झाल्या तर नवीन लेख लिहिणं लवकर होतं.

पावसाळ्यात बदलीवर आलात तर पाण्याची एककं पाठ करून या. टीएमसी (अब्ज घनफूट) हा साठा, क्युसेक हा विसर्ग. 'कोयनेतून दोन टीएमसीनं विसर्ग सुरू' असं वाक्य कधीही छापू नका. सेकंदाला एक घनफूट म्हणजे एक क्युसेक, आणि ११,५७४ क्युसेकनं चोवीस तास पाणी गेलं की एक टीएमसी होतं. कोयनेची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी आहे, तेवढ्यावरून आकडा बरा की वेडा हे ताडता येतं. सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलाशी फुटांत मोजतात. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. मीटरमधला सरकारी आकडा तसाच दिलात तर नदीकाठच्या गल्लीतल्या माणसाला सामान माळ्यावर टाकायचं की नाही हेच कळणार नाही.

'जिल्ह्यात समाधानकारक पाऊस' हेही लिहू नका. शिराळ्यात भाताची खाचरं भरलेली असताना जतमध्ये टँकर चालू असू शकतो. तालुका लिहा. ऊस म्हटलात तर लागणीचा हंगाम आडसाली, पूर्वहंगामी की सुरू ते लिहा. डाळिंब म्हटलात तर कुठला बहार ते लिहा. साताऱ्याकडचा लेखक असेल तर महाबळेश्वर आणि माण एका वाक्यात घालू नये.

सहकाऱ्याच्या नावाखाली स्वतःचा मजकूर छापू नका, तो हो म्हणाला असला तरी. वर एक ओळ पुरे : नेहमीचे लेखक रजेवर असल्यानं या आठवड्याचं सदर अमुक यांनी लिहिलं आहे.

त्याच्या शैलीची नक्कल नको. त्याच्या म्हणी तर नकोच.

सदराचं नाव, चौकटीची जागा, प्रश्नोत्तरांचा क्रम यात हात घालू नका. नवीन कल्पना सुचल्या असतील तर स्वतःचं सदर मिळेपर्यंत वहीत ठेवा.

रजेवरच्या माणसाला दिवसातून तीन फोन करणारे आणि एकही न करणारे, दोघेही त्रास देतात. तो निघण्याआधी अर्धा तास समोर बसवून पाच गोष्टी लिहून घ्या : पुढच्या अंकात काय देतो म्हणून त्यानं वाचकांना सांगितलंय, कुणाचे प्रश्न उत्तराविना पडलेत, आकडे तपासायला कृषी विभागात आणि बाजार समितीत कुणाला विचारायचं, कुठला लेख छापायचा नाही, आणि त्याला फोन केलेला कधी चालेल. शेवटची गोष्ट सगळे विसरतात. मग तो गोकर्णाला समुद्रात असताना इकडं पान अडून बसतं.

वाचकांचे फोन त्याच्या नावानंच येतील. "दादा न्हाईत व्हय?" म्हणत समोरचा ठेवू लागला तर ठेवू द्या, पण नाव, गाव, पीक आणि प्रश्न टिपून घ्या. फोनवर औषध सुचवू नका. पानाचा एक फोटो बघून तर मुळीच नाही. करपा, डाऊनी (केवडा) आणि नुसती पाण्याची कमतरता यांतला फरक मोबाइलच्या काचेवर भल्याभल्यांना दिसत नाही.

चूक छापून गेलीच तर पुढच्या आठवड्याची वाट बघायची नाही. त्याच सकाळी दुरुस्ती शेतकरी गटांच्या व्हॉट्सअॅपवर, दुसऱ्या दिवशी मुख्य अंकात चौकटीत, आणि पुढच्या पुरवणीत सदराच्या जागीच सगळ्यात वर. दुरुस्तीत फक्त बरोबर आकडा ठळक छापा. चुकीचा आकडा पुन्हा छापला की घाईत वाचणारा नेमका तोच उचलतो.

सदर परत देताना त्याच्या तयार लेखांपैकी कुठला पूर्ण वापरला आणि कुठल्यातला एखादाच परिच्छेद उचलला, ते लेखाच्या वरच लिहून ठेवा. नाहीतर तो परिच्छेद महिन्याभरात पुन्हा छापला जातो आणि फोन त्याला घ्यावे लागतात.