जुन्या फियाटच्या सीटांसाठी मूळ धाटणीचं रेक्झिन कसं मिळवावं

जुनी फियाट 1100 डिलाइट किंवा पद्मिनी हाती आली की नवा हौशी माणूस आधी इंजिनाची काळजी करत बसतो. ती सोडा. 1089 सीसीचं ते इंजिन बांधणारे मिस्त्री अजून सापडतात. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून 1964 पासून थेट शतक बदलेपर्यंत या घाटाच्या गाड्या निघत होत्या, त्यामुळे सुटे भागही कुठून ना कुठून मिळतात. घोडं अडतं ते आत. बाहेरून गाडी झकास, दार उघडावं तर सीटवर आजच्या हॅचबॅकमधलं बारीक भोकांचं, मऊमऊ ‘नापा फिनिश’ रेक्झिन. हे बघितलं की माझं डोकं फिरतं.

पत्र्याचं आणि रंगाचं काम उरकलंय, सीटा बाहेर काढल्यात आणि कुशनवाला ठरलाय, असं धरून पुढचं लिहितो.

आधी गाडीतच शोधा

‘जुनं फाडून टाका आणि नवं चढवा’ असं सांगणाऱ्याच्या हाती सीट देऊ नका. आपल्याकडे जुन्या कव्हरवरच नवं चढवायची पद्धत होती. मजुरी वाचते, सीट भरलेली दिसते, गिऱ्हाईक खूश. त्यामुळे चाळीस-पन्नास वर्षांच्या गाडीची सीट उसवत गेलं की तपकिरी रेक्झिनखाली फुलाफुलांची टपेस्ट्री निघते, तिच्याखाली आणखी काही, आणि तळाशी कधीकधी कारखान्यातून आलेलं पहिलं कव्हर, फाटकं का होईना. तुम्हाला हवं आहे ते तेच.

तेही नसेल तर सांगाड्याच्या खालच्या कडेला पत्र्याच्या रिंगांत अडकलेल्या चिंध्या बघा. मागच्या सीटची पाठ आणि बैठक जिथे भेटतात तिथली आत दुमडलेली पट्टी बघा. दाराच्या पॅडची मागे वळवून चिकटवलेली कड बघा. या तिन्ही जागी ऊन पोचत नाही, म्हणून खरा रंग तिथेच टिकतो. सीटच्या वरच्या भागावरून रंग ठरवणारा माणूस प्रत्यक्षात उडालेला रंग विकत आणतो.

तळहाताएवढा तुकडा कापा, साबणाच्या कोमट पाण्यानं धुवा आणि सावलीत वाळवा. पेट्रोल किंवा थिनर लावलात तर मळासोबत रंगही निघेल. एकही जुनं कव्हर फेकू नका. प्रत्येक तुकड्याच्या मागे खडूनं ‘पुढची, डावी, वरची बाजू’ असं लिहून ठेवा, कारण कटिंगला तेच लागणार आहे.

भंगारात निघालेल्या टॅक्सीची सीट ‘नमुना’ म्हणून उचलू नका. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2003 मध्ये ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. त्या गाड्यांचे सांगाडे, हँडलं, दाराच्या पट्ट्या जरूर घ्या. कव्हर मात्र नको. टॅक्सीवाल्यानं ते किती वेळा आणि कशानं बदललं असेल याचा हिशेब लागत नाही.

बाजार

तुकडा खिशात टाकून स्वतः जा. पुण्यात नाना पेठ आणि मुंबईत चोर बाजार इथून सुरुवात करा, पण तिथे थांबू नका. मला आजवर चांगला माल बहुतेक वेळा गाडीच्या दुकानात मिळालेला नाही. तो मिळाला सोफा, बॅगा आणि दवाखान्यातल्या खुर्च्यांचं रेक्झिन विकणाऱ्या जुन्या दुकानांत, मागच्या रॅकवर धूळ खात पडलेल्या रोलांत. फोनवर फोटो पाठवून ‘असं आहे का?’ विचारलंत तर ‘आहे’ हेच उत्तर येणार. एका दुकानदारानं मला ‘ओरिजिनल फियाटचं’ म्हणून जे दाखवलं, त्याच्या पाठीवर सोफ्याच्या कंपनीचा शिक्का होता.

इथे घाई करू नका: रेक्झिनची पाठ

सगळे रंगावरून भांडतात. काम बिघडतं ते पाठीवरून, आणि मी सगळ्यात जास्त झटापट केली आहे ती याच टप्प्यावर.

जुन्या रेक्झिनचा तुकडा उलटा करा. मागे बहुतेक वेळा विणलेलं सुती कापड दिसेल, उभे-आडवे धागे स्पष्ट मोजता येतील असं. आज बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच रेक्झिनची पाठ बनियनसारख्या जाळीदार होजियरीची असते. समोरून दोन्ही सारखी दिसतात, पण सीटवर चढवली की वेगळी वागतात. विणलेल्या पाठीचं रेक्झिन ताणत नाही, म्हणून जुन्या फियाटची सीट सपाट, कडक कडांची दिसते. होजियरीचं ताणतं. कुशनवाल्याला ते फार आवडतं, कारण कटिंग थोडं चुकलं तरी ओढून बसवता येतं. सहा महिन्यांनी बैठकीच्या मधोमध झोळ येतो, उभ्या पट्ट्या वेड्यावाकड्या होतात आणि कोपरे फुगतात.

तपासायला सोपं आहे. नव्या रेक्झिनवर पेनानं दहा सेंटिमीटरची रेघ ओढा, दोन्ही हातांनी जोर लावून ताणा आणि दुसऱ्या कुणाला फूटपट्टी धरायला सांगा. रेघ जेमतेम हलली तर ठीक. अकराच्या पुढे गेली तर रोल परत ठेवा, रंग कितीही जुळू दे. हे लांबीत आणि पन्ह्यात दोन्हीकडे करा, कारण होजियरी पन्ह्यात जास्त ताणते आणि दुकानदार तुम्हाला नेमकी लांबीच ताणून दाखवतो.

विणलेल्या पाठीचं मिळालंच नाही तर? मिळतं, फक्त चार दुकानं जास्त हिंडावं लागतं. अगदीच हरलात तर होजियरीच्या रेक्झिनला मागून पातळ सुती कापड शिवून घ्या आणि मग कापा. काम वाढतं, कुशनवाला कुरकुरतो. कुरकुरू दे.

जुन्या साठ्यातला रोल सापडला म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. रेक्झिन मऊ ठेवणारं द्रव्य वर्षानुवर्षं उडून जातं. रोलची बाहेरची कड दुमडा, नखानं घडी दाबा आणि उलगडा. पांढरी रेघ उमटली किंवा बारीक चीर दिसली तर ते रेक्झिन सीटवर एक उन्हाळा काढणार नाही. दाराच्या पॅडला चालेल, तिथे कुणी बसत नाही.

आता रंग. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली रंग कधीही ठरवू नका. तिथे जुळलेली दोन लाल रेक्झिनं बाहेर येताच एक विटकरी आणि एक जांभळट निघतात. तुकडा आणि रोल घेऊन फुटपाथवर सावलीत उभे राहा, दोन्ही शेजारी धरा, मग तिरपे धरा. तिरपं धरल्यावर पृष्ठाची कणी, म्हणजे वरचा बारीक उठाव, आणि चमक कळते, आणि तिथेच बहुतेक नवी रेक्झिनं नापास होतात. रंग एखाद्या छटेनं इकडे-तिकडे असला तर मी चालवून घेतो, कणी चुकलेली नाही. सीटवर बसलेला माणूस रंग विसरतो, पण हात ठेवल्यावर खरखर वेगळी लागते ती विसरत नाही.

एकाच रोलमधून सगळं घ्या: दोन्ही सीटा, चारही दारांची पॅडं, पायपिंग (शिवणीवरची गोल कड). पन्हा साधारण 54 इंच असतो. कुशनवाला सांगेल त्याहून दीड मीटर जास्त घ्या. पुढच्या महिन्यात आलेला ‘तोच नंबर’ तोच रंग असेल या भरवशावर राहू नका. आणि सगळे तुकडे रोलच्या एकाच दिशेनं कापायला लावा. कापड वाचवायला एक तुकडा आडवा घेतला की उजेड पडल्यावर तेवढाच भाग निराळा दिसतो.

उभ्या पट्ट्या

कव्हर उलटं करून बघा. पट्ट्यांच्या रेघेवर मागे धागा आहे की नाही? नसेल तर त्या शिवलेल्या नाहीत, यंत्रात तापवून दाबलेल्या आहेत. असं काम कुशनवाल्याकडे होत नाही. प्लास्टिकचे फाइल फोल्डर आणि डायरीची कव्हरं बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांत तसलं यंत्र असतं, पण साचा करावा लागतो आणि एका गाडीसाठी तो परवडत नाही. तीन-चार जण एकत्र आलात तर विचार करा. एकट्यासाठी शिवलेल्या पट्ट्या पुरेत, फक्त रुंदी अचूक हवी. दहा पट्ट्यांचं एकत्र माप घ्या आणि भागा. एकेक मोजली तर चूक होते. मापही जुन्या कव्हरच्या कडेच्या भागावरून घ्या. मधला भाग बसून बसून ताणलेला असतो.

टाके जुन्याइतकेच ठेवा. बारीक टाके म्हणजे मजबूत शिवण हा समज रेक्झिनला लागू नाही. भोकं जवळ आली की ते पोस्टाच्या तिकिटासारखं रेघेवर फाटतं. उसवून पुन्हा शिवणंही नको, पडलेलं भोक बुजत नाही. धागा नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा घ्या. सुती धागा कुजतो.

आतलं भरण

स्प्रिंगा तपासा, तुटलेल्या बदला, गंज घासून रंग मारा.

कुशनवाला म्हणेल, काथ्या काढून टाकू, 40 डेन्सिटीचा फोम घालू, मस्त बसेल. नको. नुसता जाड फोम घातला की सीट उंच होते, कडा गोल होतात आणि उंच माणसाचं डोकं छताला टेकतं. स्प्रिंगांवर गोणपाट, त्यावर रबर लावलेल्या काथ्याचा थर आणि वर जेमतेम बोटभर फोम, हा क्रम ठेवा. तसला काथ्या गाद्या बनवणाऱ्यांकडे तक्त्यात मिळतो. हे काम पावसाळ्यात काढू नका. काथ्या दमट राहतो, चिकटवायचं सोल्यूशन धरत नाही आणि गणपतीपर्यंत गाडीत कुबट वास भरतो.

छत आणि दारं

छताचं अस्तर पुढची-मागची काच बसवण्याआधी लावा. दाराच्या पॅडमागे हार्डबोर्ड असतो आणि दाराच्या पोकळीत पावसाचं पाणी उतरतंच, म्हणून मध्ये प्लास्टिकचा कागद चिकटवा.

कुणासाठी एवढं?

50 वर्षं ओलांडलेल्या गाड्यांसाठी 2021 मध्ये व्हिंटेज नोंदणीचे केंद्रीय नियम आले. त्यांचा रोख चासी, बॉडी आणि इंजिनातल्या मोठ्या फेरफारांवर आहे, सीटच्या रेक्झिनवर नाही. रॅलीतला जाणकार परीक्षक मात्र दार उघडून आधी आत वाकतो. तिथे गाडी नेणार नसाल तर दाबलेल्या पट्ट्यांचा हट्ट सोडा. पाठीचा हट्ट तरीही सोडू नका, कारण झोळ तुम्हालाच रोज दिसणार आहे.

चढवताना

नवं कव्हर तासभर उन्हात ठेवा, मऊ पडलं की चढवा. मधून सुरू करून कडांकडे जा. रिंगा आधी चार कोपऱ्यांत आणि मग मधल्या जागी लावा. चढवून झाल्यावर सिलिकॉनचं चमकवणारं पॉलिश मारू नका. सीट घसरडी होते आणि फियाटमध्ये वळणावर तुम्ही थेट शेजाऱ्याच्या मांडीवर जाल.

उरलेल्या दीड मीटरची घडी घालू नका. तोंड आत करून पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळा, अंधारात उभं ठेवा. दुकानाचं बिल नळीच्या आत सरकवा. स्टेपलर मारलात तर रेक्झिनला भोक पडेल.