व्हर्निअर कॅलिपरची शून्य त्रुटी: चिन्ह न चुकता कशी काढावी

लोलकाच्या गोळीचा व्यास व्हर्निअरने दहा वेळा मोजून सरासरी काढली, तरी शून्य त्रुटी, म्हणजे जबडे रिकामे मिटल्यावरही दिसणारं माप, जात नाही. हाताचा दाब कमी-जास्त झाल्याने येणाऱ्या चुका कधी इकडे, कधी तिकडे पडतात आणि सरासरीत बऱ्याच विरतात. शून्य त्रुटी मात्र प्रत्येक वाचनात तेवढीच आणि त्याच बाजूला असते.

तिने किती बिघडतं ते पाहा. गोळीचा खरा व्यास १८.३ मिमी आहे आणि व्हर्निअर ०.३ मिमी जास्त दाखवतो. व्यासातली चूक दीड टक्क्याहून थोडीच जास्त आहे. पण घनफळात व्यासाचा घन येतो, म्हणून तिथे ती ५ टक्के होते: ३.२१ घन सेमीऐवजी ३.३७. गोळी लोखंडाची असेल तर घनता ७.८७ ऐवजी ७.५ च्या आसपास निघेल, आणि बाकीचा प्रयोग निर्दोष असूनही उत्तर चुकेल.

शून्य त्रुटी म्हणजे जबड्यांत काहीच नसताना आलेलं वाचन. ती इतर कुठल्याही वाचनासारखीच वाचायची, तिच्यासाठी वेगळी रीत नाही. ‘धन असेल तर वजा, ऋण असेल तर अधिक’ हे घोकलेलं सूत्र परीक्षेच्या घाईत हमखास उलटं होतं. ही व्याख्या पक्की असेल तर चिन्ह आपोआप बरोबर येतं.

आधी जबडे पुसा

दोन्ही जबड्यांच्या आतल्या कडा स्वच्छ मऊ कापडाने पुसा. तेलाचा थर, लोखंडाचा कीस किंवा कागदाचा कण मध्ये राहिला तर जी ‘त्रुटी’ मिळेल ती उपकरणाची नसून कचऱ्याची असेल. मग मोजताना जेवढ्या हलक्या दाबाने वस्तू धरता, तेवढ्याच दाबाने जबडे मिटा. ते उजेडासमोर धरून फटीतून प्रकाश येतो का पाहा. एका टोकाला फट आणि दुसऱ्या टोकाला स्पर्श असं दिसलं, तर जबडे वाकलेले, झिजलेले आहेत किंवा त्यांवर बर (धातूची उचललेली बारीक कड) आलेली आहे.

लघुतम माप ठरवा

शाळा-कॉलेजातल्या नेहमीच्या व्हर्निअरमध्ये सरकत्या पट्टीचे १० भाग मुख्य पट्टीच्या ९ मिमीत बसवलेले असतात. म्हणजे लघुतम माप (वाचता येणारं सर्वांत लहान अंतर) ०.१ मिमी. वर्कशॉपमध्ये बहुधा ५० भाग ४९ मिमीत असलेला मिळतो, त्याचं लघुतम माप ०.०२ मिमी. पट्टीवर कोरलेलं असलं तरी एकदा भाग मोजून खात्री करा.

आता शून्याकडे पाहा, जुळणाऱ्या खुणेकडे नंतर

ही पायरी गाळली की सगळं फसतं. जबडे मिटल्यावर व्हर्निअरची ७ वी खूण मुख्य पट्टीच्या कुठल्यातरी खुणेशी जुळते, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. त्रुटी +०.७ मिमी असली तरी ७ वीच खूण जुळेल आणि −०.३ मिमी असली तरीही ७ वीच. म्हणून पहिला प्रश्न हा: व्हर्निअरचं शून्य मुख्य पट्टीच्या शून्याच्या कुठल्या बाजूला आहे? डोळा खुणेच्या बरोबर वर ठेवून पाहा.

दोन्ही शून्यं जुळली असतील तर व्हर्निअरची शेवटची खूणही जुळलेली दिसायला हवी: १० भागांच्या पट्टीत ९ मिमीशी, ५० भागांच्या पट्टीत ४९ मिमीशी. दोन्ही टोकं जुळली तर शून्य त्रुटी नाही.

व्हर्निअरचं शून्य उजवीकडे असेल तर ते ० आणि १ मिमीच्या मध्ये आहे. मुख्य पट्टीचं वाचन ०. जुळणारी खूण ३ री, तर ०.३. एकूण +०.३ मिमी.

ते डावीकडे असेल तर इथे बहुतेकांची गाडी अडते. जुळणारी खूण ७ वी, म्हणून −०.७ लिहिलं जातं, आणि ते चूक आहे. नेहमीचं वाचन आपण कसं घेतो? व्हर्निअरच्या शून्याच्या लगेच डावीकडची मुख्य खूण घ्यायची आणि त्यात जुळणाऱ्या खुणेचे दशांश मिळवायचे. इथेही तेच करा. मुख्य पट्टीच्या शून्याच्या डावीकडे −१ मिमीची खूण आहे असं समजा. पट्टीवर ती कोरलेली नसली तरी हरकत नाही. वाचन झालं −१ + ०.७ = −०.३ मिमी. पुस्तकातलं ‘१० मधून जुळणारी खूण वजा करा’ हे सूत्र याच बेरजेतून निघतं. ५० भागांच्या व्हर्निअरवर ४६ वी खूण जुळली, तर −१ + ४६ × ०.०२ = −०.०८ मिमी.

जबडे उघडून पुन्हा मिटा आणि हे वाचन तीनदा घ्या. दर वेळी तेच आलं तर ती शून्य त्रुटी. आकडे बदलत असतील तर सरकता जबडा ढिला आहे. तो आधी घट्ट करून घ्या, नाहीतर कुठलीही दुरुस्ती लावणं व्यर्थ आहे.

वजाबाकी

खरं माप = दिसलेलं माप − शून्य त्रुटी, चिन्हासकट. गोळी धरल्यावर मुख्य पट्टीवर १८ मिमी आणि ६ वी खूण जुळली, म्हणजे १८.६ मिमी. त्रुटी +०.३ असेल तर १८.६ − ०.३ = १८.३. त्रुटी −०.३ असेल तर १८.६ − (−०.३) = १८.९ मिमी. वहीत निरीक्षणांच्या तक्त्याआधी त्रुटी चिन्हासह लिहा, आणि सरासरी काढून झाल्यावर ती एकदाच वजा करा. काही वाचनांतून आधीच वजा केली आणि शेवटी पुन्हा केली, असं वह्यांमध्ये फार दिसतं.

आतला व्यास मोजताना जपून

माझ्या मते शिकवताना सर्वांत जास्त दुर्लक्ष इथे होतं. पिएर व्हर्निए यांनी १६३१ मध्ये मांडलेली सरकत्या पट्टीची युक्ती दोन खुणांमधलं अंतर बारकाईने वाचून देते. जबडे कुठे झिजलेत हे ती सांगत नाही, ते आपल्यालाच शोधावं लागतं.

बाहेरचे मोठे जबडे झिजले, तर मिटल्यावर सरकता भाग शून्याच्या पलीकडे जातो आणि ऋण त्रुटी दिसते. बाहेरच्या मापांना ती लागू आहे. पण वरचे छोटे जबडे झिजलेले नसतील, तर नळीचा आतला व्यास ते बरोबरच सांगतात. तिथेही ‘शून्य त्रुटी’ वजा केलीत तर बरोबर माप बिघडेल. उलट, व्हर्निअरची पट्टीच जागेवरून सरकली असेल तर बाहेरचं, आतलं आणि खोलीचं, तिन्ही मापं सारख्याच फरकाने चुकतात.

यातलं काय झालंय ते ओळखायला आतला व्यास माहीत असलेलं रिंग गेज लागतं. छोटे जबडे त्यात घालून वाचन घ्या. जो फरक येईल तीच आतल्या मापांची त्रुटी.

बाहेरच्या जबड्यांसाठी स्लिप गेज (नेमक्या जाडीचे ठोकळे) वापरा. १० मिमी आणि ५० मिमीचे गेज जबड्यांच्या मुळाशी, मध्ये आणि टोकाशी धरून पाहा. सगळीकडे फरक तेवढाच आला तर एकच शून्य त्रुटी सगळ्या मापांना चालेल. टोकाशी वेगळा आणि मुळाशी वेगळा आला, तर जबडे घासून समांतर करून घेतल्याशिवाय त्या व्हर्निअरवर बारीक काम करू नका.

दुरुस्ती लावायची गरज नसते, अशीही एक वेळ आहे. लेथवर टर्निंग करण्याआधी आणि नंतर त्याच व्हर्निअरने व्यास मोजून किती माल कापला एवढंच काढायचं असेल, तर दोन्ही मापांतली त्रुटी वजाबाकीत एकमेकींना खाते. मात्र दोन्ही मापं जबड्यांच्या त्याच भागाने घ्या, आणि मधल्या वेळात दुसऱ्याचा व्हर्निअर उचलू नका.