घरच्या घरी एसएमडी सोल्डरिंग: पैसे कुठे घालायचे, हात कसा चालवायचा

एसएमडी, म्हणजे बोर्डाच्या भोकांत पाय न घालता वरच जोडायचे चिमुकले पार्ट, म्हटलं की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे मायक्रोस्कोप आणि महागडं स्टेशन उभं राहतं. सुरुवातीला त्यातलं काहीच लागत नाही. वितळलेलं सोल्डर स्वच्छ तांब्याकडे आपणहून ओढलं जातं आणि बोर्डाच्या हिरव्या थराला धरत नाही. निम्मं काम हा पृष्ठताणच करून टाकतो. त्याला आडवा येतो तो धातूवर धरलेला ऑक्साइड, आणि तो काढणं हे फ्लक्सचं काम. म्हणून पैसे घालायचे ते आधी फ्लक्सवर, मग बिटावर (आयर्नच्या तापणाऱ्या टोकावर), मग चिमट्यावर. उरले तर बाकीचं.

सामान

इंदूरकरांना लांब जायला नको. रेझिस्टर, आयसी, वायर यांसाठी महाराणी रोड. चिमटे, फ्लक्स, सोल्डर शोषणारी तांब्याची जाळी हे सगळं मोबाइल दुरुस्तीचं सामान, त्यासाठी जेल रोड. फ्लक्स सिरिंजमधला, जेलसारखा, ‘नो-क्लीन’ किंवा ‘आरएमए’ लिहिलेला घ्या. पत्र्याच्या कामाचा अ‍ॅसिडवाला फ्लक्स कितीही स्वस्त मिळाला तरी नको, तो मागे राहून तांबं खातो.

सोल्डरिंग आयर्न तापमान कमी-जास्त करता येईल असं, साधारण ६० वॅटचं आणि तीन पिनांचं, म्हणजे अर्थिंग मिळतं. त्यासोबत येणारं सुईसारखं टोकदार बिट बाजूला ठेवा. एवढ्याशा टोकातून पॅडपर्यंत, म्हणजे बोर्डावर पार्ट जोडायच्या तांब्याच्या तुकड्यापर्यंत, उष्णता पोचत नाही, मग माणूस तापमान वाढवत सुटतो. दोन मिलिमीटरचं चपटं किंवा तिरकं कापलेलं बिट बारीक कामालाही बरं. सोल्डरची वायर अर्ध्या मिलिमीटरची, ६३/३७ ची, म्हणजे ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं. ती बरोबर १८३ अंशांना वितळते आणि तिथेच घट्ट होते. तिच्यात शिसं असतं, तेव्हा कामाच्या टेबलावर चहा नको आणि उठल्यावर हात साबणाने धुवायचे.

धूर मुख्यतः फ्लक्समधल्या राळेचा असतो, पण दम्याच्या माणसाला तोही बाधतो. खिडकी उघडा. छताचा पंखा मात्र बंदच, मे महिना असला तरी! पार्ट एकदा उडाला की सापडत नाही.

दोन टोकांचे पार्ट

सरावाला ०८०५ आकार घ्या, म्हणजे २ बाय १.२५ मिलिमीटर. सरावाचे कोरे बोर्ड ऑनलाइन स्वस्तात मिळतात.

बिट ३२० ते ३५० अंशांवर ठेवा. दोन्ही पॅडना फ्लक्स लावा. मग एकाच पॅडवर, खसखशीच्या दाण्याहून जरा मोठा, सोल्डरचा ठिपका ठेवा. उजव्या हातात आयर्न, डाव्या हातात चिमट्यात धरलेला रेझिस्टर. ठिपका वितळवा, वितळलेला असतानाच रेझिस्टर बाजूने आत सरकवा, आयर्न काढा आणि एक-दोन सेकंद हात हलवू नका. पार्ट तिरका बसला तर आत्ताच सरळ करा, दुसरं टोक जोडल्यावर ते जड जातं. मग दुसऱ्या टोकाला बिट पॅड आणि पार्ट दोघांनाही टेकेल असं धरून वायर लावा. शेवटी पहिल्या टोकाला थोडा फ्लक्स देऊन पुन्हा एकदा वितळवून घ्या, हे बरेच जण विसरतात.

सिरॅमिक कॅपॅसिटरच्या अंगावर बिट टेकवू नका. एकदम तापल्याने त्याला बाहेरून न दिसणारी चीर पडते.

आयसी

आधी एक नंबरच्या पिनची खूण पाहा. उलटा बसलेला आयसी काढणं हा वेगळाच उद्योग आहे. समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन पिना जोडा, भिंगातून किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठं करून सगळ्या पिना पॅडवर आहेत का बघा. मग एका बाजूच्या सगळ्या पिनांवर सढळ हाताने फ्लक्स घाला, बिटावर थोडं सोल्डर घ्या आणि रांगेवरून सावकाश ओढत न्या. दोन पिना एकमेकींना चिकटल्या तर घाबरायचं कारण नाही. आणखी फ्लक्स आणि बिट पुसून एक हात फिरवला की जास्तीचं सोल्डर बिटावर येतं. नाहीच आलं तर तांब्याची जाळी आहे.

पोटाखाली पॅड असलेल्या, बाहेर पाय नसलेल्या क्यूएफएन आयसीला आयर्न पुरत नाही, तिथे हॉट एअर (गरम हवेचा झोत) आणि सोल्डर पेस्ट (फ्लक्समध्ये कालवलेली सोल्डरची भुकटी) लागते. पेस्ट फ्रिजमध्ये ठेवावी, पण अन्नापासून वेगळ्या बंद डब्यात, आणि खोलीच्या तापमानाला आल्याखेरीज झाकण उघडू नये; पावसाळ्यात आत लगेच दव धरतं. बिस्मथची पेस्ट १३८ अंशांनाच वितळते म्हणून घरी सोयीची, पण शिशाच्या सोल्डरमध्ये मिसळू देऊ नका. त्या मिश्रणाचा काही भाग १०० अंशांच्या आतच वितळतो.

वीज देण्याआधी

आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि जुन्या टूथब्रशने बोर्ड धुवून वाळू द्या. मल्टिमीटरने प्लस आणि ग्राउंडमध्ये शॉर्ट नाही ना ते तपासा. १०–२० मिलिअँपिअर घेणाऱ्या छोट्या बोर्डाला पहिल्यांदा ५ व्होल्ट देताना मध्ये ४७ ओहमचा, १ वॅटचा रेझिस्टर घाला. शॉर्ट असलाच तरी करंट साधारण १०६ मिलिअँपिअरवर थांबतो. रेझिस्टर तापायला लागला तर वीज काढा आणि आयसीच्या पिना पुन्हा भिंगाखाली घ्या.