तिकिटं, जर्सी, सह्या जमवताय? मग या चुका टाळा

आयपीएल चालू झालं की आमच्या बेळगावात गल्लीला एक तरी पोरगं "मी पण कलेक्शन चालू केलोय" म्हणत येतंय, आणि दोन महिन्यांत तेच पोरगं वाट लागलेली वस्तू हातात घेऊन "आता काय करायचं" विचारत परत येतंय. पंधरा वर्षं झाली हे करतोय, त्याच त्या चुका बघून जीव तुटतो, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे तिकीट लॅमिनेट करणं. 29 मे 2016, बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर आरसीबी-हैदराबाद फायनल, आम्ही चौघं राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं गेलेलो. 209 करायचे होते, गेल आणि कोहलीनं पहिल्या विकेटला 114 काढले, कप आलाच असं वाटालतं, आणि 8 रनांनी हरलो. परत येताना गाडीत हुबळी येईपर्यंत कोणी तोंड उघडलं नाही. ते तिकीट जन्मभर ठेवायचं ठरवून मी बेळगावात उतरल्या दिवशीच झेरॉक्सच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाले, "दादा, ह्यो कागद वेगळा दिसतोय, नको घालूया." मी म्हटलो, "घाला की, काय होत नाही." एका बाजूनं तिकीट आत गेलं आणि दुसऱ्या बाजूनं काळंकुट्ट होऊन बाहेर आलं. स्टँड, रो, सीट नंबर, तारीख, सगळं गेलं, कडेचा छापील रंगीत पट्टा तेवढा राहिला.

कारण तो थर्मल पेपर होता. बसमध्ये कंडक्टर मशीनमधून काढून देतात ना, तसलाच. त्यात शाई नसतेच, कागदावरचा लेप उष्णतेनं काळा होतो आणि अक्षरं उमटतात, मग लॅमिनेशनच्या गरम रोलरमधून घातल्यावर सगळा कागदच काळा होणार. ओळखायचं असेल तर मागे-पुढे कोपऱ्यात नखानं जोरात एक रेघ ओढा, काळी उठली तर थर्मल. हे प्रिंट नुसतं ठेवलं तरी वर्षा-दोन वर्षांत फिकं पडत जातं, उन्हात आणि मऊ प्लास्टिकच्या पाकिटात तर लवकरच. म्हणून मी मॅच बघून घरी आलो की आंघोळीच्या आधी तिकिटाचे दोन्ही बाजूंचे फोटो काढतो, दुसऱ्या दिवशी रंगीत झेरॉक्स, आणि मूळ तिकीट कागदी पाकिटात घालून कपाटात अंधारात. फ्रेम करायची हौस असेल तर झेरॉक्सची करा.

सेलोटेप कशालाच लावू नका. पिवळी पडते, आणि काढताना कागद घेऊन येते.

आता जर्सी. खेळाडूंचं ऑक्शन, म्हणजे लिलाव, झालं की दुसऱ्या दिवशी पाठीवर नाव छापून घ्यायला पळणारी मंडळी मला समजतच नाहीत. प्रो कबड्डीतला पवन सेहरावत बेंगळुरू बुल्सचा म्हणून आमच्याकडं किती जणांनी जर्सी करून घेतलेली, तो 2022 ला 2 कोटी 26 लाखांना तमिळ थलायवाजकडं गेला आणि पुढच्या वेळी तेलुगू टायटन्सकडं. क्रिकेटमध्ये सिराज आरसीबीतून गुजरातला गेला तेव्हाही तेच रडगाणं. आपल्याकडं बोली लागते, ज्याच्याकडं पैसे शिल्लक तो उचलणार. अमेरिकेच्या एनबीए बास्केटबॉल लीगसारखा ड्राफ्ट असता तर नव्या पोरांसाठी बोलीच नसती, टीमनं आपला नंबर आला की निवडायचं, 2015 मध्ये आपला सतनाम सिंग असाच 52 व्या नंबरवर निवडला गेला. तर नाव छापायची घाई नको. खेळाडूनं त्या टीमसाठी काहीतरी करून दाखवू दे, मग छापा, मग तो कुठंही गेला तरी जर्सीला अर्थ राहतो. सेहरावतनं सहाव्या सीझनच्या फायनलला एकट्यानं 22 पॉइंट काढले, ती जर्सी आजही अभिमानानं घालावी अशीच आहे.

प्लेऑफचं गणित न कळता तिकीट काढणं ही पण चूकच. पहिल्या दोघांना दोन संधी, तिसऱ्या-चौथ्याला एकच, एवढं तरी डोक्यात पाहिजे. आणि पॉइंट सारखे झाले की बघतात तो नेट रन रेट (ओव्हरमागं काढलेले रन वजा दिलेले रन) काढताना टीम ऑलआउट झाली तर ओव्हर पूर्ण 20 धरायच्या, खेळल्या तेवढ्या नाही. 18 मे 2024 ला आरसीबीच्या 218 वर चेन्नईला जिंकायला 219 पाहिजे होते, खरं नेट रन रेटवर प्लेऑफमध्ये जायला 201 पुरणार होते. त्यासाठी शेवटच्या ओव्हरला 17 पाहिजे होते. आमच्या कट्ट्यावर निम्मी पोरं जिंकायला 35 पाहिजेत म्हणून निवांत बसलेली, धोनीनं यश दयालला पहिल्याच बॉलला सिक्स मारला तरी हसालती. दुसऱ्या बॉलला धोनी गेला, 191 वर चेन्नई थांबली, तेव्हा मी का ओरडालोय ते त्यांना कळेना. असली मॅच न समजता बघायची म्हणजे हळहळ वाटते मला.

सह्यांच्या बाबतीत एकच सांगतो, घाईनं ऑनलाइन पैसे पाठवू नका. एका मित्रानं 'सहीची' मिनी बॅट मागवली, लग्नाला साठवलेल्या पैशातून. शहापुरातल्या एका सराफ मित्राचं भिंग लावून बघितलं तर सही बारीक बारीक रंगीत ठिपक्यांची, म्हणजे सरळ छापलेली. पेनाच्या सहीत रेघेचा दाब कमी-जास्त होतो, एकावर एक रेघ जिथं जाते तिथं शाई गडद दिसते. त्याचा चेहरा बघवत नव्हता. मी स्वतः समोर उभं राहून घेतलेली सहीच ठेवतो, कमी आहेत खरं सगळ्या खऱ्या आहेत.

सही केलेली जर्सी धुवायची नाही, हे घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

आणि आपला पाऊस. जूनपासून चार महिने भिंती ओल्या, खानापूरकडं तर विचारूच नका. भिंतीला लागून फ्रेम टांगली की मागून बुरशी धरलीच म्हणून समजा. मी जूनच्या आधी सगळं उतरवून गोदरेजच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवतो, बुटांच्या बॉक्समधून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या जपून ठेवलेल्या असतात त्या मध्ये मध्ये टाकतो, आणि दसऱ्याला बाहेर काढून सावलीत, वाऱ्यावर. उन्हात नाही, उन्हानं सही उडते.