वंशसंहारातून बचावलेल्यांची आत्मकथने कशी वाचावीत

आफ्रिकेतील रवांडात १९९४ साली झालेल्या तुत्सी या अल्पसंख्य समाजाच्या वंशसंहारातून बचावलेल्या अनेकांनी आपल्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. असे एखादे पुस्तक वाचले की एक-दोन रात्री झोप लागत नाही. पण तो हादरा लवकरच ओसरतो आणि ‘फार भयंकर होते’ यापलीकडे काही सांगता येत नाही. वाचलेले वर्षानुवर्षे सोबत राहावे असे वाटत असेल, तर धक्क्यापेक्षा तपशिलाकडे लक्ष द्यावे लागते.

वाचायला बसण्यापूर्वी मुख्य तारखा एका कागदावर उतरवून पुस्तकात ठेवाव्यात. ६ एप्रिल १९९४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष हाब्यारिमाना यांचे विमान राजधानी किगालीत उतरता उतरता पाडले गेले, लगोलग बहुसंख्य हुतू समाजातील अतिरेक्यांनी हत्या सुरू केल्या आणि जुलैच्या मध्यापर्यंत, म्हणजे साधारण १०० दिवसांत, संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने सुमारे ८ लाख, तर रवांडा सरकारच्या मते १० लाखांहून अधिक माणसे मारली गेली. माळ्यावर किंवा पाणथळ गवतात लपलेल्या माणसाजवळ हा कालक्रम नसतो. बाहेरच्या शिट्ट्या, पावले आणि रेडिओ एवढेच त्याच्या कानी येते. २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने तिथले शांतिसैन्य अवघ्या २७० जणांवर आणण्याचा ठराव केला, हे आपल्याला ठाऊक असते आणि मदत येईल म्हणून दिवस काढणाऱ्या त्या माणसाला नसते. तारखांचा कागद हाताशी हवा तो यासाठीच.

पुष्कळ वाचक एप्रिलपूर्वीची प्रकरणे भराभर उलटतात. माझ्या मते पुस्तकाचा गाभा तिथेच असतो, म्हणून ती पाने सर्वांत सावकाश वाचावीत. बेल्जियन राजवटीने १९३० च्या दशकात दिलेल्या ओळखपत्रावर हुतू, तुत्सी किंवा त्वा (तिसरा, अगदी छोटा समाज) अशी नोंद असे आणि स्वातंत्र्यानंतरही ती तशीच राहिली. शाळेत तुत्सी मुलांना वर्गात उभे करून मोजले जाई, हा प्रसंग अशा आठवणींत भेटतो. वाचताना तो किरकोळ वाटतो. पुढे रस्त्यावरच्या अडथळ्यापाशी उभा असलेला तरुण तेच ओळखपत्र मागतो, त्यावरची ती एक ओळ वाचतो आणि समोरच्याचे मरण ठरते. १९९३ मध्ये सुरू झालेले आरटीएलएम रेडिओ केंद्रही असेच गाणी आणि थट्टामस्करी करत घरोघरी पोहोचले, तुत्सींना झुरळे म्हणू लागले आणि हत्याकाळात तर नावे व लपण्याच्या जागा सांगू लागले. या खुणा जिथे दिसतील तिथे समासात पेन्सिलीने रेघ ओढावी.

दोन आत्मकथनांतील दिवस किंवा आकडे जुळले नाहीत, तर लेखकावर अविश्वास दाखवण्याची घाई करू नये, कारण जिवाच्या भीतीने दडलेला माणूस रोजनिशी ठेवत नाही. पडताळणीसाठी या वंशसंहाराचे खटले चालवलेल्या, टांझानियातील आरुशा येथील आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाचे निकाल आहेत. रवांडातील ताबा या परगण्याचे महापौर जाँ-पॉल अकायेसू यांना २ सप्टेंबर १९९८ रोजी दोषी ठरवताना या न्यायाधिकरणाने बलात्कार हेही वंशसंहाराचे कृत्य ठरू शकते असे मानले. त्यामागे जिवंत राहिलेल्या स्त्रियांच्या साक्षी होत्या.

शेवटच्या प्रकरणांत क्षमेचा विषय आला, तर विशेष जपून वाचावे. बचावलेली व्यक्ती आणि मारेकरी पुष्कळदा एकाच टेकडीवर राहतात. २०१२ पर्यंत चाललेल्या गचाचा या गावपातळीवरील न्यायसभांत ते समोरासमोर आले. एकाने क्षमा केली म्हणजे इतरांनीही ती करायला हवी होती, असा अर्थ काढणे अन्यायाचे आहे. (क्षमेचीच वाक्ये वेचून प्रेरणादायी सुविचार म्हणून पाठवणाऱ्यांनी पुस्तक अर्धेच वाचलेले असते.)

वाचन शक्यतो दिवसा, थोडे थोडे करावे. स्वतः हिंसा सोसलेल्या वाचकाला एखादे प्रकरण असह्य झाले, तर त्याने ते खुशाल सोडून द्यावे.

पुस्तक संपल्यावर महिना-दोन महिन्यांनी वेगळ्या अनुभवाचे दुसरे घ्यावे. पहिले लपून राहिलेल्या व्यक्तीचे असेल, तर दुसऱ्या वेळी पश्चिम रवांडातील बिसेसेरोच्या टेकड्यांवर दगड आणि भाल्यांनिशी हल्लेखोरांना तोंड दिलेल्यांच्या साक्षी वाचाव्यात, आणि त्या वाचताना तारखांचा तोच कागद पुन्हा जवळ ठेवावा.