वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांच्या दातांची सोय कशी लावायची

वृद्धाश्रमात दातांचं काहीतरी करूया म्हटलं की पहिली आयडिया कॅम्पची येते. डेंटिस्ट येतात, फोटो निघतात, सगळ्यांना एकेक ब्रश वाटला जातो आणि आठवड्याभरात परत जैसे थे. डेंटिस्ट लागतातच, त्यात वाद नाही, पण ते वर्षातनं एखाद-दोनदा येणार, बाकीचे दिवस आजींचे दात कोण घासून देणार ते आधी ठरवा. कोणत्या शिफ्टला कोणी, कोणाचे, हे नाव लिहून ठरवा, नाहीतर ते काम कोणाचंच नसतं.

सुरुवात तोंडात डोकावण्यापासून. टॉर्च आणि ग्लोव्ह्ज, बास. ओएचएटी (ओरल हेल्थ असेसमेंट टूल) म्हणून तोंड तपासायचा एक साधा फॉर्म असतो, त्यात ओठ, जीभ, हिरड्या, लाळ, स्वतःचे दात, कवळी, स्वच्छता आणि दुखणं अशा ८ गोष्टी बघून प्रत्येक गोष्टीला ० ते २ मार्क द्यायचे, ० म्हणजे ठीक, २ म्हणजे बिघडलंय. नर्सला किंवा शिकवलेल्या केअरटेकरला हे सहज जमतं. कवळी असेल तर ती काढायला लावूनच बघा, खरा घोळ बहुतेक वेळा तिच्याखालीच असतो, टाळू लालभडक झालेला असतो आणि कोणाला पत्ता नसतो. त्याच कागदावर गोळ्या-इंजेक्शनांची यादी लिहा. रक्त पातळ करायच्या गोळ्या, हाडांसाठीची बिस्फॉस्फोनेट किंवा डेनोसुमॅब चालू असेल तर डेंटिस्टला आधीच कळवायचं, कारण या हाडांच्या औषधांवर असताना दात काढला तर क्वचित जबड्याची जखम भरूनच येत नाही. आणि दात काढायचाय म्हणून रक्त पातळ करायची गोळी परस्पर बंद करायची नाही, ते डॉक्टर ठरवतील.

ज्यांना बोलून सांगता येत नाही त्यांचं दुखणं वागण्यातून ओळखायचं. ताट बाजूला सारणं, एकाच बाजूनं चावणं, सारखा गालाला हात, कालपर्यंत घालत होते ती कवळी आज नको म्हणणं. याला हट्टीपणा म्हणून सोडून देतात, ते चुकीचं आहे.

आता रोजचं ब्रशिंग. ब्लड प्रेशर, डिप्रेशन, अ‍ॅलर्जी अशा बऱ्याच गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, लाळ कमी म्हणजे दातांचं संरक्षण कमी, त्यात वयानं हिरड्या मागे सरकून दातांची मुळं उघडी पडलेली, त्यावर इनॅमल म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण नसतं, मग कीड तिथेच लागते आणि मुळाशी पोखरून दात मोडतो. म्हणून मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट (साधारण १४५० पीपीएमची, पीपीएम म्हणजे पेस्टमधलं फ्लोराइडचं प्रमाण), दिवसातनं दोनदा, आणि रात्रीचं काही झालं तरी चुकवायचं नाही. कीड जास्त असेल तर डेंटिस्ट ५००० पीपीएमची लिहून देतात. घासून झालं की थुंकायला लावा पण खळखळून चूळ नको, फ्लोराइड धुऊन जातं.

गिळायचा त्रास असेल तर पेस्ट अगदी पुसट लावायची, फेस कमी होणारी घ्या, ताठ बसवून हनुवटी किंचित खाली, झोपूनच असतील तर डोक्याची बाजू उंच करून कुशीवर, आणि फेस ओल्या गॉजनं पुसून घ्यायचा. पाणी ओतायचं नाही. काडीवरच्या स्पंजनं ओठ ओले होतात, दात साफ होत नाहीत, आणि चावला तर गोळा सुटून घशात जाऊ शकतो.

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्यांचं सगळ्यात अवघड, इथे घाई केली की तोंड मिटलंच समजा. पाठीमागून जाऊ नका, समोरून, त्यांच्या नजरेच्या उंचीला बसून, नाव घेऊन बोला. "आजी, हा ब्रश धरता का जरा?" म्हणून ब्रश त्यांच्या हातात द्या, त्यांच्या मुठीवर आपला हात ठेवून सुरुवात करा, कित्येकदा हाताला सवय आठवते आणि पुढचं त्या स्वतःच करतात. नाहीच जमलं तर अर्ध्या तासानं दुसऱ्या कोणीतरी जाऊन बघावं, माणूस बदलला की मूड बदलतो. जबरदस्ती नको, आणि दातांच्या मध्ये बोट तर नकोच नको.

एवढी मेहनत फक्त दातांसाठी नाही बरं का. तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात उतरतात. जपानमधल्या ११ नर्सिंग होम्समधल्या वृद्धांवरचा अभ्यास २००२ मध्ये आला होता, तोंडाची नीट निगा राखलेल्या गटात न्यूमोनिया ११ टक्के लोकांना झाला आणि दुसऱ्या गटात १९ टक्के लोकांना. स्टाफला ट्रेनिंग देताना हे सांगाच, दातांसाठी हलत नाहीत ते न्यूमोनियाचं ऐकून हलतात.

कवळी रात्री काढायची, साध्या साबणानं आणि ब्रशनं घासून पाण्यात ठेवायची. गरम पाण्यात वाकते, टूथपेस्टनं चरे पडतात. धुताना बेसिनमध्ये टॉवेल टाका, हातातनं निसटली तरी फुटत नाही. आणि प्रत्येक कवळीवर नाव घालून घ्या, एका ट्रेमध्ये सगळ्या कवळ्या धुतल्यावर कोणाची कुठली हे शोधणं म्हणजे शिक्षा आहे.

डेंटिस्टना बोलवाल तेव्हा फॉर्म आधी पाठवा, म्हणजे कोणाला आधी बघायचं ते त्यांना कळतं. प्लग आणि बेसिन जवळ असलेली उजेडाची खोली द्या, बरंचसं काम व्हीलचेअरवरच होतं. फ्लोराइड व्हार्निश (दातांवर लावायचा फ्लोराइडचा लेप), कीड हातानं साफ करून ग्लास आयोनोमर नावाच्या सिमेंटचं फिलिंग, किडलेल्या जागी लावायचं सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे सगळं ड्रिलशिवाय होतं. यातलं सिल्व्हरवालं औषध कीड थांबवतं पण ती जागा कायमची काळी पडते, त्यामुळे आजी-आजोबांना आणि घरच्यांना आधी सांगून होकार घ्या, नंतर "दात काळे केले" म्हणून भांडण नको.

गाल सुजून ताप आला, गिळता येईना किंवा तोंड उघडेना तर पुढच्या व्हिजिटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल. आणि तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही तर तोही दाखवून घ्या, दुखत नसला तरी.