‘नेट खराब आहे’ म्हणण्याआधी: व्हॉट्सअ‍ॅप कॉलच्या या चुका टाळा

रत्नागिरीच्या आमच्या आत्याने वायफायवाल्याला तीनदा घरी बोलावलं. दादा दुबईला नोकरीला लागला आणि त्याचा व्हॉट्सअ‍ॅप कॉल काही लागेना. मेसेज जायचे, फोटो जायचे, कॉल मात्र ‘कनेक्टिंग’वरच अडकायचा. बिचाऱ्या वायफायवाल्याने नवी वायरसुद्धा टाकून दिली. खरं कारण वायरीत नव्हतंच. संयुक्त अरब अमिरातीत इंटरनेट कॉलला सरकारची परवानगी लागते आणि व्हॉट्सअ‍ॅप कॉल तिथे बंद आहेत. तिथे बोटिमसारखी परवानगी असलेली अ‍ॅप्स चालतात, पण ती दोन्हीकडच्या फोनमध्ये हवीत. ‘व्हीपीएन (आपण कुठून इंटरनेट वापरतो ते लपवणारं अ‍ॅप) टाक की’ असा सल्ला देणारे कोकणात गल्लोगल्ली भेटतील. तो ऐकू नका. व्हीपीएनच्या गैरवापराला तिथे जबर दंड आहे.

बोटिम आलं, तरी निम्मे कॉल ‘मिस्ड’. फोन हातात घेतला की एकदम चार मिस्ड कॉल दिसायचे, वाजायचा मात्र एकही नाही. हा बॅटरी वाचवण्याचा प्रताप. अँड्रॉइड फोन बराच वेळ न उघडलेलं अ‍ॅप झोपवून टाकतो. सेटिंग्ज, अ‍ॅप्स, मग ते अ‍ॅप, मग बॅटरी, आणि तिथे ‘अनरिस्ट्रिक्टेड’. काही फोनमध्ये ‘ऑटोस्टार्ट’चं वेगळं बटण असतं, तेही चालू करा. नावं फोनगणिक थोडी बदलतात. हे करायच्या आधी अ‍ॅप काढून पुन्हा टाकू नका. बॅकअप नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपवरच्या जुन्या गप्पा, नातवाचे व्हॉइस मेसेज, सगळं जाईल.

‘तुझा आवाज येत नाही’ची तक्रार असेल तर फोन उलटा करून चार्जिंगच्या भोकाशेजारचं बारीक छिद्र बघा. माइक तिथे असतो. आत्याच्या फोनचं छिद्र कव्हरने अर्धं झाकलं होतं, उरलेल्यात पीठ. मऊ कोरड्या ब्रशने झटकलं. सुई मुळीच खुपसू नका.

परदेशी गेलेल्यांची चूक वेगळी. भारतातलं सिम रिचार्ज न करता पडून राहिलं की काही महिन्यांनी तो नंबर दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. व्हॉट्सअ‍ॅप त्याच नंबरवर असेल तर वेळीच ‘चेंज नंबर’ करून घ्या. आणि भारतातले सगळे नंबर +९१ लावून सेव्ह करा, नाहीतर परदेशी नंबरवर गेल्यावर निम्मी माणसं यादीतून गायब.

व्हॉट्सअ‍ॅपचा एसएमएसने आलेला सहा आकडी कोड कुणालाही सांगू नका, अगदी भाच्याच्या नंबरवरून मागितला तरी. बहुधा त्याचंच खातं आधी चोरलेलं असतं. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा, म्हणजे खात्याच्या दुसऱ्या कुलपाचा, पिन आजच लावा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

स्काइप मे २०२५ मध्ये बंद झालं. आयकॉन अजून असेल तर काढून टाका.

आता रात्री साडेनऊला, म्हणजे दुबईच्या आठला, आत्याचा फोन लोणच्याच्या बरणीला टेकलेला असतो. दादाला रोज पंखा आणि वासे दिसतात. बरणी जरा मागे घे, हे सांगून मी थकलो.